कारवानीची उन्हाळी तालीम: शिमग्यापासून मिरगापर्यंत

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या दिवसांत नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जायचं, घोडे बघायचे, श्वान प्रदर्शनात थोडं रेंगाळायचं आणि येताना कुणाकडून तरी कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घेऊन यायचं, हे आमच्या लातूर-नांदेड पट्ट्यात दर वर्षी चालतं. कुणी चाकूर तालुक्यातल्या जानवळला जाऊन घेतं. पिल्लू असतंच तसं देखणं. लांबोळकं तोंड, आत ओढलेलं पोट, खोल छाती, चाबकासारखी शेपूट. घरी आल्यावर आठ दिवस कौतुक होतं. मग ते दावणीच्या कोपऱ्यात साखळीला बांधलं जातं आणि शिमगा आला तरी तिथंच असतं. पुढं कधीतरी साखळी निसटते, शेजाऱ्याची कोंबडी जाते, आणि मालक सांगत सुटतो, "कुत्रं वंगाळ निघालं."

कुत्रं वंगाळ नसतं. पळण्यासाठीच घडवलेल्या जनावराला पळायला कुणी शिकवलेलं नसतं, आणि थांबायला तर नाहीच. हे दोन्ही शिकवायला आपल्याकडं सगळ्यांत सोयीचा काळ म्हणजे शाळू निघाल्यापासून मिरगाच्या पावसापर्यंतचा. पंचांगात त्यातल्या चैत्र-वैशाखाला वसंत म्हणतात. मराठवाड्यात हा वसंत पळसाच्या फुलांपुरता असतो, बाकी सगळा उन्हाळाच. पण रानं मोकळी असतात, नजर लांब जाते, आणि शेतकऱ्याला सकाळी तासभर काढता येतो.

हा लेख पहिल्यांदाच कारवानी किंवा पश्मी पाळणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही एकाच बांध्याची. पश्मीच्या कानांना, पायांना आणि शेपटीला लांब केसांची झालर असते, कारवानीची कातडी गुळगुळीत. याच बांध्याची मुधोळ कुत्री पाळणाऱ्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी शिकारीचं बोलू

माझे आजोबा थंडीत कुत्री घेऊन सशामागं जायचे आणि उन्हाळ्यात त्यांना विसावा द्यायचे. ते दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्याच ऐसपैस आहे. मारणं तर त्यात आलंच, पण फासा लावणं, पकडणं, कुत्री मागं घालून पळवणं, हाकणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्यात बसतं. म्हणजे "आम्ही मारलं नाही, कुत्र्याला जरा पळवलं" हे उत्तर चालत नाही. काळवीट या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत जास्त संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. त्याच्या बाबतीत गुन्हा शाबीत झाला तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. आणि आपल्या भागात काळवीट काय, सकाळी बांधावर उभं राहिलं तरी दिसतं.

पिकात येणाऱ्या रानडुकरांवर कुत्रं सोडावं का, असं बरेच जण विचारतात. सोडू नका. कायद्याची भीती आहेच, पण सुळे असलेल्या डुकरापुढं पातळ कातडीचं कारवानी म्हणजे कागद. पोट फाटलेलं कुत्रं पोत्यात घालून दवाखान्यात नेलेलं मी पाहिलंय. राखणीला त्याचं भुंकणं पुरेसं आहे, तेही कुंपणाच्या आतून.

मग तालीम कशासाठी? कुत्र्याची धाव त्याच्या रक्तात आहे, ती कुठंतरी खर्च व्हायलाच पाहिजे. ती दोरीनं ओढलेल्या चिंधीमागं खर्च झाली तर शेळीमागं होत नाही. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पहिलं काम: दवाखाना आणि वजन

फाल्गुनात, तालीम सुरू करायच्या आधी, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एक चक्कर मारा. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं गॅस्ट्रो-डिस्टेंपरची इंजेक्शनं लागतात, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि मग दर वर्षी. यात्रेत घेतलेल्या पिल्लाला "सगळी इंजेक्शनं झालीत" असं विकणारा सांगतो. कार्ड दाखवलं तरच ते खरं धरा. जंताचं औषध वजनावर देतात, म्हणून वजन करून घ्या. वजनकाटा नसेल तर आधी आपण एकटे काट्यावर उभे राहायचं, मग कुत्रं उचलून, आणि वजाबाकी करायची.

उन्हाळ्यात गोचिडांचा सुळसुळाट होतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी रोज बोटं फिरवा. कुत्रं खाईना, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, नाकातून रक्त आलं, तर गोचीडताप समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि एक चूक आपल्याकडं हमखास होते: बैलाच्या अंगावरचं गोचिडाचं औषध उरलेलं असतं, तेच अंदाजानं कुत्र्याला चोळायचं. कृपा करून असं करू नका. कुत्र्याचं औषध आणि त्याचं माप वेगळं असतं.

या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते. टाके घालायला किंवा नसबंदीला भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "कारवानी आहे." भुलीच्या औषधाचं माप त्यावर ठरतं.

खाणं

जुनी माणसं म्हणतात, कारवानी ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर वाढतं. खरंय, वाढतं. पण भाकरी-दुधावर कुत्रं जगतं, त्याचं अंग भरत नाही. तालमीच्या काळात भाकरी राहू द्या, सोबत उकडलेली अंडी, हाड काढून शिजवलेलं चिकन किंवा स्वस्तातलं काळीज-फोपीस असं काहीतरी रोज पोटात जाऊ द्या. शाकाहारी घर असेल तर पनीर, दही, घट्ट वरण. पण वरण फोडणीआधी काढून ठेवा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. रात्रीचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतायची सवय घराघरात आहे, ती मोडावी लागते. द्राक्षं आणि मनुकेही नकोत. शिजवलेली हाडं तर अजिबात नकोत, ती टोकदार फुटतात आणि आतड्यात जातात.

खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. म्हणून खाल्ल्यावर तीन तास धाव नाही आणि धावल्यावर तासभर खाणं नाही. आमच्याकडं सकाळी तालीम, आठ-साडेआठला अर्धं खाणं आणि संध्याकाळी अर्धं.

कुत्रं बारीक दिसतं म्हणून पाहुणे नावं ठेवतील. मागच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची दोन हाडं दिसणं हे या जातीचं अंगच आहे. सगळ्या फासळ्या मोजता आल्या तर मात्र कमी पडतंय.

जागा: इथं घाई करू नका

मला विचाराल तर तालमीत निम्मं यश जागेचं. शाळू काढलेलं काळं रान सकाळी लांबून मैदानासारखं दिसतं. जवळ जाऊन खाली बघा. चैत्र लागला की काळ्या जमिनीला भेगा पडतात, काही इतक्या रुंद की माणसाचा हात मनगटापर्यंत जावा. जोरात पळणाऱ्या कुत्र्याचा पाय त्यात गेला तर तो मोडूनच बाहेर येतो. तुरीच्या रानाचं तर नाव काढू नका. तुरीचं धसकट तिरकं कापलेलं असतं आणि वाळून खिळ्यासारखं होतं. ज्यानं ट्रॅक्टरचं टायर फाटतं त्यानं तळव्याचं काय होईल? कापसाच्या पऱ्हाट्या तशाच. नांगरटीत ढेकळं.

चांगली जागा म्हणजे मुरमाड माळ, ज्यावरचं गवत जनावरांनी चरून संपवलंय. नदीच्या पात्रातली वाळूही चालते, पण तिथं धाव निम्मी ठेवा, वाळूत पाय जास्त भरतात. जागा ठरली की कुत्र्याशिवाय एकट्यानं ती पूर्ण चालून या. हातात पिशवी ठेवा. काचा, तारेचे तुकडे, बाभळीचे काटे, सराटे उचलत चला. मग आजूबाजूला तीन गोष्टी शोधा.

पहिली, कठडा नसलेली विहीर. कुत्रं नजरेवर पळतं, पायाखाली बघत नाही. तीनशे पावलांच्या आत उघडी विहीर असेल तर ती जागा सोडून द्या.

दुसरी, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. तापलेलं कुत्रं पाणी बघून उडी मारतं आणि कागदावरून पाय घसरत राहतात, वर येता येत नाही. पट्टीचं पोहणारं जनावरही असं दमून बुडतं. तुमचं स्वतःचं शेततळं असेल तर चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर किंवा दोरात ओवलेली जुनी टायरं आत सोडून ठेवा. कुत्र्यासाठीच कशाला, लेकरांसाठीसुद्धा.

तिसरी, तारा. काटेरी कुंपण कारवानीची कातडी कापडासारखी फाडतं. शिवाय डुकरांसाठी कुणी तारेत चोरून वीज सोडलेली असते. शेजारच्या शेतकऱ्यांना तोंडी विचारा, लाज बाळगू नका.

वेळ आणि ऊन

तालीम सूर्य उगवायच्या आधी सुरू आणि ऊन अंगावर यायच्या आत संपली पाहिजे. संध्याकाळचा मोह होतो, कारण आपल्याला तेव्हा वेळ असतो. पण दिवसभर तापलेली जमीन सात वाजेपर्यंत वाफ सोडत असते. तळहाताची पालथी बाजू जमिनीवर टेकवा आणि सावकाश सातपर्यंत मोजा. हात काढावासा वाटला तर कुत्र्याचे पायही तिथं टेकवू नका.

एप्रिलच्या मध्यापासून परभणी-नांदेडकडं पारा चाळिशीच्या वर जातो आणि रात्रीही उकडतं. तेव्हा धावेचे दिवस आठवड्यातून दोनवर आणा. बाकी दिवशी फक्त चालणं आणि बोलावण्याचा सराव.

कुत्र्याचं अंग साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. धावल्यावर ते वाढणारच. पण दहा-पंधरा मिनिटांत धाप खाली आली पाहिजे. येत नसेल, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट तारेसारखी लोंबू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याला ऊन लागलंय. तेव्हा गाडी शोधत बसू नका. आधी गार करा, मग न्या. सावलीत घ्या, पोटावर, जांघेत, छातीवर साधं पाणी ओतत राहा, आणि वारा घाला. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवू नका, ते थोड्या वेळात गरम होऊन उलट वाफ धरतं. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका. ताप मोजायचा थर्मामीटर जवळ असेल तर गुदद्वारात लावून १०३ च्या आसपास आल्यावर पाणी थांबवा आणि मग थेट दवाखाना. धावल्यानंतर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली तरी तेच: थेट दवाखाना. ती स्नायू झिजल्याची खूण असते.

पाण्याचा एक डबा कुत्र्याचा म्हणून वेगळा न्या. ज्या वर्षी पाणीच नसेल त्या वर्षी तालीम बंद ठेवण्यात कमीपणा नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आम्ही कुत्री नुसती पहाटे फिरवून आणत होतो.

अवकाळीचं तेवढं लक्षात असू द्या. मार्च-एप्रिलमध्ये आभाळ भरून आलं, गडगडलं, की माळावर थांबायचं नाही. वीज आणि गारा दोन्ही इथं नवीन नाहीत.

बोलावणं: सगळ्यांत आधी हेच

नवीन माणूस आधी धाव शिकवतो. कुत्र्याला धाव येतेच. "छू" म्हणायला कुणाला शिकवावं लागत नाही, पण गेलेलं कुत्रं परत आणणं हीच खरी विद्या.

माझ्या पहिल्या कुत्र्याचं नाव सोन्या. अंगणात हाक मारली की उडत यायचा, म्हणून मला वाटलं, झालं. चैत्रात आमच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. सकाळी मी सोन्याला मोकळं घेऊन बांधावरून निघालो. वाघरीतून, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीतून, एक कोकरू बाहेर पडलं आणि आईकडं पळालं. बस्स. सोन्याची मान खाली गेली, कान मागं आणि तो सुटला. मी ओरडलो, सोन्या, थांब, ए, ये, सोन्या! टाळ्या वाजवल्या, आणि त्याच्यामागं धावलो. त्याला वाटलं मालकही सामील आहे. तो अजून जोरात. कोकराची मागची मांडी धरली, लोळवलं, आणि माझ्याकडं वळून बघितलं, शाबासकीसाठी.

कोकरू वाचलं, पण लंगडं झालं. पैसे दिले, माफी मागितली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं कोकराच्या पायावर हळद लावत एवढंच म्हटलं, "पळणाऱ्या कुत्र्यामागं पळायचं नसतं मालक. उलटं पळायचं." मी त्या दिवसापासून तसंच शिकवतो.

त्यासाठी बैलाचा कासरा घ्या, तीस-चाळीस फुटांचा. पट्ट्याला बांधा. पट्टा रुंद हवा, बारीक पट्टा लांब मानेत रुततो, आणि या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसल्यामुळं साधा पट्टा मागं ओढल्यावर सटकन निघतो. कासऱ्याचं टोक हातात ठेवा, बाकी जमिनीवर लोळू द्या. मनगटाला गुंडाळू नका, हात निखळतो.

एक शब्द ठरवा. आमच्याकडं "यू यू यू" चालतं, कारण ते लहानपणापासून खाण्याशी जोडलेलं असतं. कुत्रं दुसरीकडं बघत असताना एकदाच म्हणा आणि लगेच पाठ फिरवून उलट्या दिशेला पळत सुटा. ते मागं येईल, कारण पळणाऱ्याच्या मागं जाणं हेच त्याचं कूळ. जवळ आलं की खाली बसून खिशातलं काळीज द्या, मानेला चोळा आणि पुन्हा सोडा. पुन्हा सोडणं विसरू नका. बोलावलं की साखळी, असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं तर ते हाताच्या अंतरावर येऊन थांबेल आणि पकडू देणार नाही. गावातली निम्मी कुत्री अशीच बिघडलेली असतात.

दिवसातून दहा वेळा, पाच-पाच मिनिटांत. पहिला आठवडा रिकाम्या रानात. दुसऱ्या आठवड्यात लांब उभ्या असलेल्या म्हशीसमोर. तिसऱ्यात शेळ्या दिसतील पण दोनशे पावलांवर असतील अशा जागी. मग अंतर कमी करत आणा. एखाद्या दिवशी ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी अंतर पुन्हा वाढवा. उशिरा आलेल्या कुत्र्याला मारू नका. मारलंत तर ते येणं टाळायला शिकतं, पळणं तसंच राहतं. एक महिना कासरा काढायचाच नाही, कितीही हुशार वाटलं तरी. उघड्या माळावर मोकळं सोडायची घाई ज्यांना झाली त्यांच्या गोष्टी मी ऐकतो, आणि त्यातली एक माझीच आहे.

चिंधीची काठी

सहा-सात फुटांची वेळूची काठी, टोकाला तेवढीच दोरी, दोरीला पांढऱ्या कापडाची चिंधी. झालं साधन. पांढरं अशासाठी की मुरमाच्या तांबूस रंगावर लांबून दिसतं. हे कुत्रं वासानं नाही, हालचालीनं पेटतं.

चिंधी जमिनीलगत सरळ ओढा, मध्येच थांबवा, पुन्हा ओढा. हवेत उंच नाचवू नका, कुत्रं उड्या मारून सांधे दुखावून घेतं. आधी "थांब" म्हणून पट्टा धरा, चिंधी हलू द्या, त्याला थरथरू द्या, आणि मग "छू". हा शब्द फक्त इथंच वापरायचा. मांजर दिसलं म्हणून पोरं गमतीनं "छू" म्हणतात, त्यांना आधी दम द्या. चिंधी धरली की दोन-तीन वेळा धरू द्या, तिचा आनंद लुटू द्या. मग काठी मेलेली ठेवा, काळीज नाकासमोर न्या, "सोड". तोंड उघडलं की खाऊ. पंधरा दिवसांत काळीज न दाखवताही सोडेल.

वर्षाच्या आतल्या पिल्लाला एवढंच पुरे, तेही पाच मिनिटं, तीव्र वळणं न देता. त्याची हाडं अजून भरायची असतात. माळेगावचं पिल्लू चैत्रात पाच-सहा महिन्यांचंच असतं. लोक त्याला मोटारसायकलमागं पळवतात आणि व्हिडिओ काढतात. त्या पिल्लांचे पुढचे पाय दोन वर्षांत बघायला मिळाले तर बघा.

सायकलचं यंत्र

सव्वा-दीड वर्षांच्या पुढच्या कुत्र्याला खरी सरळ धाव द्यायची असेल तर घरातली जुनी काळी सायकल काढा. मागच्या चाकाचं टायर आणि ट्यूब काढून टाका. सायकल उलटी करा, सीट आणि हँडल जमिनीवर, आणि दोन्हींवर मातीची पोती टाकून घट्ट बसवा. गवंडी वापरतात ती बारीक नायलॉनची दोरी शंभर मीटर घ्या. एक टोक रिमला बांधा, दुसऱ्या टोकाला पांढरी चिंधी. दोरी माळावर सरळ पसरा. आता पायडल हातानं फिरवलं की दोरी रिमवर गुंडाळत येते आणि चिंधी पळत येते.

हिशेब साधा आहे. पायडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे जवळपास अडीच फेरे, आणि रिमचा घेर सुमारे दोन मीटर. म्हणजे एका फेऱ्यात पाच मीटर. सेकंदाला दोन फेरे मारले तर ताशी छत्तीस किलोमीटर. जवान कारवानी याहून वेगात जातं, पण नवशिक्याला एवढं भरपूर झालं. सुरुवातीला हळू फिरवा. चिंधी नेहमी कुत्र्याच्या आठ-दहा पावलं पुढं राहिली पाहिजे. फार पुढं गेली तर ते नाद सोडतं, फार लवकर मिळाली तर मजा जाते.

चिंधीपासून तीस मीटरवर दोरीला लाल कापडाची गाठ मारून ठेवा. लाल कापड रिमवर आलं की हात थांबवायचा. नाहीतर कुत्रं थेट सायकलवर आदळेल. पायडल फिरवणाऱ्यानं हातमोजे घालावेत आणि साखळीपासून बोटं लांब ठेवावीत. दोरी ताणलेली असताना कुत्रं तिच्या आडवं जाऊ देऊ नका, पाय चिरतो. आणि एका वेळी एकच कुत्रं. दोन सोडली की चिंधी विसरून एकमेकांना धरतात, मग शर्यत कुठली, मारामारी होते.

पहिल्या दिवशी एकच धाव, चाळीस मीटरची. आठवड्यानं दोन. महिन्याभरानं तीन, प्रत्येकीच्या मध्ये दहा-बारा मिनिटं सावकाश चालणं. तीनच्या पुढं मी जात नाही. एक दिवस धाव, एक दिवस नुसतं चालणं. धावेच्या आधी दहा मिनिटं चालवून अंग मोकळं करून घ्यायचं, तेही दर वेळी. चालण्याचं महत्त्व लोकांना पटत नाही, पण तासभराचं पहाटेचं चालणं जितकं पायात बसतं तितकं तीन धावांत बसत नाही.

घरी आल्यावर

प्रत्येक पाय उचलून बोटं फाकवून बघा. कुसळी गवताचं कुसळ बेचक्यात शिरलं की ते मागं येत नाही, आतच जातं, आणि आठ दिवसांनी तिथं पू होतो. कानही बघा. कुत्रं एका बाजूला डोकं झटकत असेल तर कुसळ आत गेलंय, काडी घालून काढायला जाऊ नका. तळव्याची चिरलेली जागा मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि भरेपर्यंत धाव बंद. नखं वाढली असतील तर टोकं कापा, लांब नखानं बोट पिरगळतं.

दिवसा लिंबाखाली बांधा, पत्र्याखाली नको. रात्री शेतात एकटं साखळीला ठेवू नका. बिबट्याचा वावर असलेल्या भागात बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. दार असलेली खोली किंवा जाळीचा पिंजरा हवा.

मिरगाचा पहिला पाऊस पडला की मुरूम निसरडा होतो आणि काळी माती पायाला गोळ्यांनी चिकटते. त्या दिवशी यंत्र मोडायचं. दोरी धुऊन वाळवून टांगून ठेवा, कासऱ्याला एकदा तेल द्या. सायकलला टायर चढवायला विसरू नका, शाळा सुरू झालेली असते आणि पोराला ती लागते.